कार्बोरेटर आणि कारागिराचा वेळ



कामगार संघटनेचा माणूस व्यासपीठावर आला की तो बोनस आणि महागाई यांवर बोलणार, असे आपण गृहीत धरता. आज आम्ही कार्बोरेटरवर बोलणार आहोत. शेवटी गाडी मजुरीच्या प्रश्नावर येईल, हे मात्र आताच कबूल करतो.

आमच्या संघटनेतल्या एका फिटरने जुनी राजदूत 350 घेतली. यामाहाच्या नमुन्यावर एस्कॉर्ट्‌सने ही गाडी 1983 पासून काढली. पुढे ती बंद पडली. टू-स्ट्रोक इंजिन, दोन सिलिंडर, प्रत्येकाला स्वतंत्र कार्बोरेटर. पठ्ठ्याने हँडल बदलले, टाकी बदलली, हवेच्या फिल्टरची पेटी काढून दोन मोकळे फिल्टर लावले. कार्बोरेटरच्या स्लाइड झिजल्या होत्या, म्हणून नवी जोडी आणली. एका गॅरेजने ती तासाभरात बसवून दिली. दुसऱ्या दिवशी हमरस्त्यावर भर वेगात पिस्टन जाम झाला आणि मागचे चाक अडकले. क्लच वेळीच दाबला, म्हणून माणूस वाचला.

असे का व्हावे? हवेत पेट्रोल योग्य प्रमाणात मिसळणे, हे कार्बोरेटरचे काम. मोकळ्या फिल्टरमधून हवा जास्त आली. जेट मात्र जुन्याच मापाचे राहिले. पेट्रोल कमी पडले की इंजिन तापते. त्यातच 2023 पासून 20 टक्के इथेनॉलचे पेट्रोल पंपांवर येऊ लागले. इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असतो, म्हणून त्याच जेटने मिश्रण आणखी विरळ होते. शिवाय या गाडीचा ऑइलपंप ॲक्सिलरेटरच्या केबलशी जोडलेला असतो. त्याची खूण जुळवली नाही, तर पिस्टनला तेलही अपुरे पडते.

इंजिनचे काम झाल्यावर आम्ही दोघे चार रविवार त्या गाडीपाशी बसलो. हत्यार त्याच्या हाती, दिवा आमच्या हाती. प्रथम फ्लोटची उंची पाहिली, रबरी जोडांतून हवा शिरत नाही ना ते तपासले. मग फिल्टर काढून दोन्ही स्लाइडखाली एकेक बोट ठेवले आणि ॲक्सिलरेटर हळूच फिरवला. दोन्ही एकाच क्षणी उचलल्या पाहिजेत. एक आधी उठली, तर जोडीतला एक बैल ओढतो आणि दुसरा रेंगाळतो, तशी गत होते. केबल जुळल्यावर ऑइलपंपाची खूण जुळवली.

नंतर जेट. पूर्ण ॲक्सिलरेटरवर अंमल मेन जेटचा, मध्यावर सुईचा, स्लोवर पायलट जेटचा आणि एअर स्क्रूचा. आम्ही मुद्दाम मोठ्या मेन जेटपासून सुरुवात केली. पेट्रोल जास्त झाले तर प्लग काळा पडतो. कमी झाले तर पिस्टन जातो. एका वेळी एकच बदल, वहीत नोंद, एक फेरी, मग प्लग काढून पाहायचा. पांढरा दिसला तर धोका, बदामी दिसला तर ठीक. चौथ्या रविवारी दोन्ही प्लग बदामी निघाले, आणि दोन्ही सायलेन्सरवर धरलेल्या तळहातांना सारखाच धक्का लागला.

आता मजुरीचे. त्या गॅरेजमधला पोरगा अडाणी नव्हता. त्याला नगावर मोबदला मिळतो. प्लगचा रंग पाहत बसला तर त्याची रोजी बुडते. बिलात भागांची किंमत असते, मिस्त्रीच्या कानांची आणि डोळ्यांची नसते. 2020 च्या प्रदूषण-नियमांनंतर बहुतेक नव्या मोटरसायकलींतून कार्बोरेटर गेला आहे. ज्यांना तो कळतो, अशांची संख्या आता घटतच जाणार.

म्हणून आमची एकच विनंती आहे. जुनी गाडी घेऊन मिस्त्रीकडे जाल, तेव्हा ‘किती वाजता देणार?’ असे विचारू नका. ‘किती दिवस लागतील?’ असे विचारा, आणि त्या दिवसांचे पैसे द्या. हे औदार्य नव्हे. गाडीवर बसणारा जीव आपलाच असतो.