पेसमेकर बसवल्यानंतरची जबाबदारी
(रुग्णालयाच्या वार्षिक सभेतील भाषण)



८ ऑक्टोबर १९५८ रोजी स्वीडनमध्ये डॉ. ओके सेनिंग यांनी आर्ने लार्सन यांच्या शरीरात जगातील पहिला पेसमेकर बसवला. तो काही तासांतच बंद पडला. मात्र उपचार थांबले नाहीत. अनेकदा यंत्र बदलत लार्सन २००१ पर्यंत जगले. यंत्र बसवणे हा उपचारांचा आरंभ असतो, हेच आज आम्हांस सांगावयाचे आहे.

प्रत्येक रुग्णासाठी पेसमेकरची जुळवणी निराळी असते. किमान गती मिनिटाला ६० ठेवल्यास, हृदय त्याहून मंदावले की यंत्र ठोका देते. एरवी ते केवळ लक्ष ठेवते. संकेताचा जोर कमी पडला तर ठोका चुकतो, गरजेपेक्षा अधिक ठेवला तर बॅटरी लवकर संपते. तेंदूपाने तोडणाऱ्या भगिनीला बसल्या जागी पुरणारी गती रानात पुरत नाही. श्रमानुसार गती वाढवण्याची सोय तिच्यासाठी सुरू करावी लागते.

काहींच्या हृदयाचे वरचे कप्पे मधूनच अनियमित थरथरू लागतात. दोन तारांचे यंत्र त्या वेगामागे धावू नये, म्हणून त्यात ‘मोड स्विच’ असतो. तो खालच्या कप्प्यांची गती आवरतो, मूळ विकार मात्र बरा करीत नाही. म्हणून रक्तात गुठळी न होण्यासाठी दिलेली गोळी ‘आता यंत्र आहे’ असे म्हणून बंद करू नये.

ही तपासणी सुईविना होते. छातीवर प्रोग्रामरचे उपकरण ठेवून यंत्रातील नोंदी वाचता येतात आणि जुळवणी बदलता येते. कागद गिरणीत वा कोळसा खाणीत वेल्डिंग, मोठ्या मोटारी यांजवळ काम करणाऱ्यांनी कामावर परतण्यापूर्वी डॉक्टरांना अवश्य विचारावे.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेमुळे अनेक कुटुंबांना यंत्र मिळाले. परंतु बल्लारपूरहून नागपूर दीडशेहून अधिक किलोमीटर आहे; सिरोंचा, भामरागडहून येणाऱ्यांना त्याहून कितीतरी लांब. एका दिवसाची बुडालेली मजुरी आणि दोघांचे प्रवासभाडे यांपायी तपासणी टळते. दात्यांनी यंत्राइतकेच या भाड्याकडेही पाहावे, अशी आमची विनंती आहे.

आप्तेष्टांनी पेसमेकरचे कार्ड जपून ठेवावे, तपासणीची तारीख चुकवू नये, आणि घेरी वा शुद्ध हरपल्यास तारखेची वाट पाहू नये.