उतरवलेली घरे

माझे अब्बा उरणला जुन्या लाकडाचा धंदा करत. घर 'पाडले' असे त्यांच्या तोंडून कधी ऐकले नाही. ते म्हणत, घर 'उतरवले'. आधी कौले, मग रिपा, वासे, तुळया आणि शेवटी दारांच्या चौकटी. निघालेले खिळे आम्ही मुले दगडावर ठोकून सरळ करायचो आणि करवंटीत भरून ठेवायचो. (पुढे मी बी. ए. झालो, कविता लिहू लागलो. सरळ खिळा मात्र अजून वाकडा ठोकतो.)

न्हावा आणि शेवा ही मुळात दोन गावे. आज ही नावे जोडून जगभरच्या कंटेनरांच्या कागदांवर असतात. जवाहरलाल नेहरू बंदर 26 मे 1989 रोजी सुरू झाले, पण त्याआधीच शेवा गाव उठले होते. काही कुटुंबे नवीन शेव्यात गेली, काही उरणजवळच्या हनुमान कोळीवाड्यात. तेव्हा मी शाळेत होतो. अब्बा बैलगाडी घेऊन शेव्याला जायचे, मीही मागे बसायचो.

एका घराच्या ओसरीवर म्हातारी बसली होती. ती अब्बांना म्हणाली, "भाई, दार न्या, कौला न्या, पन उंबरा मना ठेवा." अब्बांनी उंबरा पहारीने अलगद सोडवला आणि तिच्या सामानात ठेवला. दार आमच्या गाडीत आले. दिलेला भाव रास्त होता, असे ते शेवटपर्यंत सांगत. मला खात्री वाटत नाही. ज्याला घर सोडायचेच आहे, तो घासाघीस कितीशी करणार? त्या वर्षी आमच्या घरी ईदला सगळ्यांना नवे कपडे आले, हेही मला आठवते.

श्रोतेहो, जुने घर असे उतरवता येते, कारण ते तसेच बांधलेले असते. सांधे खाचेत बसवलेले, म्हणून लाकूड अखंड निघते. चुना विटेपेक्षा मऊ, त्यामुळे चुन्यातली वीट साफ सुटते. सिमेंटमधली वीट सुटण्याआधी फुटते. सागाच्या गाभ्याला वाळवी सहसा शिवत नाही. बाहेरचा फिका थर मात्र ती खाते, म्हणून अब्बा तुळईला हातोडीने ठोकून आवाज ऐकत. पुढे हनुमान कोळीवाड्यातली घरे वाळवीने पोखरली आणि लोक वर्षानुवर्षे दुसरी जागा मागत राहिले. ते ऐकले की मला अब्बांची हातोडी आठवते.

आता पोकलेन येते आणि दिवसात इमारत झोपते. सळ्या भंगारवाला नेतो. उरलेला राडारोडा रात्री डंपरने खाडीकाठच्या खारफुटीत ओतला जातो. खरे तर 2016च्या नियमांनी मोठ्या कामांवर काँक्रीट, माती, लाकूड-लोखंड आणि विटा वेगळ्या करण्याचे बंधन घातले. त्याच वर्षीच्या भारतीय मानकाने जुन्या काँक्रीटची खडी सळईच्या कामातही 20 टक्क्यांपर्यंत चालवली. पण ती खडी आधी गोळा तर व्हायला हवी! खाडीत गेलेली कोण काढणार?

ते शेव्याचे दार अब्बांनी विकले नाही. आमच्याच घराला लावले. गेल्या वर्षी त्या म्हातारीचा नातू काही कामासाठी आला होता. बोलता बोलता शेव्याचा विषय निघाला, तसा तो उठला आणि कडीवरून हात फिरवू लागला. नवे घर बांधतोय, म्हणाला. आजीचा उंबरा अजून आहे, कोपऱ्यात उभा करून ठेवलाय. "चाचा, दार विकणार का?" मी अब्बांनी दिलेला भाव सांगितला. तो हसला.

पुढच्या रविवारी तो फितीने माप घेऊन गेला. दार त्याच्या नव्या भिंतीतल्या जागेपेक्षा दोन बोटे उंच निघाले. मी म्हटले, सुताराला सांगून कापून घे. तो म्हणाला, "दार नाय कापायचं. गवंड्याला सांगून जागाच वाढवतो."