बैलाचे दात बघता, मग प्लॉटचे कागद का बघत नाही?

(जिल्हा मेळाव्याच्या दुपारच्या सत्रातील भाषण)



सकाळी कापसाच्या आणि सोयाबीनच्या भावाचे बोलणे झाले. ते संपल्यावर चहाच्या टपरीवर आम्हाला चौघांनी गाठले. आम्हाला वाटले, पीक पिवळे पडले असेल, बियाणे उगवले नसेल. चौघांनीही पिशवीतून कागद काढले, ते प्लॉटचे. म्हणून दुपारचा ठरलेला विषय बाजूला ठेवून आज आम्ही घराबद्दल बोलणार आहोत.

शेतकऱ्याने शहराच्या कडेला घर का घ्यायचे, असे विचारणारे पुष्कळ आहेत. त्यांची स्वतःची मुले शहरातच शिकतात. आपलीही शिकायला हवीत. शिवाय 2017 पासून समृद्धी महामार्गासाठी जमिनी गेल्या, मोबदला एकदम खात्यावर आला. आयुष्यात एवढी रक्कम एकत्र कधी न पाहिलेल्या माणसाच्या दारात दुसऱ्या दिवशी मोटारसायकलवर एजंट उभा असतो. बापजाद्यांची जमीन सरकारने घेतली आणि तिचा पैसा दीड गुंठ्याच्या खोट्या कागदात गेला, अशी घरे आम्ही पाहिली आहेत. त्यांच्याकडे आता शेतही नाही आणि घरही नाही.

बाजारात बैल घेताना आपण काय करतो? दात बघतो, खूर बघतो, औताला जुंपून दोन तास घेतो, विकणाऱ्याच्या गावात त्याची चौकशी करतो. तीस-चाळीस हजारांच्या बैलाला एवढे, आणि आठ लाखांचा प्लॉट मात्र चहा पिता पिता.

आम्ही हे शहाणपणाने सांगत नाही, फसून सांगतो आहोत. 2009 साली आम्ही जिल्ह्याच्या गावाबाहेर दीड गुंठा घेतला. परभणीला शेतकी शिकलेला माणूस, लोकांना सातबारा वाचायला शिकवणारा. स्वतःच्या वेळी मात्र शंभर रुपयांच्या मुद्रांकावर नोटरी केली, एक कुलमुखत्यारपत्र घेतले आणि पेढे वाटले. दोन वर्षांनी नोटीस आली. विकणाऱ्याच्या बहिणीने हिस्सा मागितला होता. आम्हाला पहिल्यांदा तिचा राग आला. नंतर कागद काढले तर ती खरी होती. जमीन वडिलार्जित होती आणि बापाच्या मागे वारस म्हणून तिचे नाव लागायला हवे होते, ते भावांनी लागू दिले नव्हते. आम्ही तिला साठ हजार देऊन तिची सही घेतली. एकाच जमिनीचे दोनदा पैसे दिले, आणि दुसऱ्यांदा दिलेले जास्त न्यायाचे होते.

तर पहिली गोष्ट. नोटरीने मालकी मिळत नाही. स्थावराची खरेदी ही नोंदणीकृत खरेदीखतानेच होते, 1908 च्या नोंदणी कायद्यापासून हे असेच आहे. कुलमुखत्यारपत्राच्या जोरावर केलेली विक्री ही विक्रीच नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने 2011 साली स्पष्ट सांगितले. तरी आजही प्लॉटच्या हापिसात 'नोटरी करून देतो, रजिस्ट्री नंतर' हेच ऐकू येते. ते 'नंतर' येत नाही.

रजिस्ट्री झाली म्हणून निश्चिंत होऊ नका, ही दुसरी गोष्ट. दुय्यम निबंधक दस्त नोंदवतो, विकणारा खरा मालक आहे की नाही याची जबाबदारी तो घेत नाही. ती तपासणी तुमची. निदान 30 वर्षांचे मागचे काढा. सातबारा एक पान असते, पण त्याच्या मागे प्रत्येक फेरफाराचा नंबर असतो, तो फेरफार मागा. जमीन कोणाकडून कोणाकडे, कशी आली ते फेरफार सांगतो. वारसाच्या फेरफारात मुली आहेत का ते बघा. 2005 च्या दुरुस्तीने मुलीला मुलाइतकाच जन्मजात हक्क मिळाला आणि 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यातल्या शंकाही मिटवल्या. बहिणीची सही किंवा नोंदणीकृत हक्कसोडपत्र नसेल तर इसार देऊ नका. बहीण सासरी सुखी आहे, ती काही मागणार नाही, असे भाऊ सांगेल. भावाच्या बोलण्यावर बहिणीचा हिस्सा विकत घेता येत नाही.

सातबाऱ्यावर आणखी दोन जागी बोट ठेवा. एक, भोगवटादार वर्ग 1 की वर्ग 2. वर्ग 2 असेल तर सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय विक्री होत नाही. इनाम, सीलिंगमध्ये वाटलेली, कुळाची, अशा जमिनी त्यात येतात. दोन, 'इतर हक्क' हा रकाना. सोसायटीचा बोजा, बँकेचे गहाण, कोर्टाचा दावा तिथे लिहिलेला असतो. उतारा स्वतः काढा, एजंटने दिलेली झेरॉक्स चालवू नका. आता तो मोबाइलवर निघतो, डिजिटल सहीचा निघतो. तलाठ्याला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचे, पण भेटायचे त्यालाच. गावठाणातल्या घराचा नमुना 8 हा कराचा उतारा आहे, मालकीचा पुरावा नव्हे. 2020 पासून स्वामित्व योजनेत ड्रोनने मोजणी होऊन मिळकत पत्रिका येत आहेत. आपल्या गावात आली असेल तर त्यावर नाव आणि क्षेत्र बरोबर आहे का ते आजच बघा, चूक असेल तर हरकत घ्या.

आता गुंठेवारी. तुकडेबंदीचा कायदा 1947 चा. 2023 मध्ये बहुतेक जिल्ह्यांत प्रमाणभूत क्षेत्र जिरायतीला 20 गुंठे आणि बागायतीला 10 गुंठे ठरले. त्याहून लहान शेतजमिनीचा तुकडा विकता येत नव्हता, म्हणून लोकांनी चोरून विकला. गरिबाला परवडेल एवढा तुकडा कायदेशीर मिळूच द्यायचा नाही आणि मग त्याने बेकायदेशीर घेतला म्हणून त्याच्याकडून दंड घ्यायचा, हा उद्योग आम्हाला कधी समजला नाही. असो. 2001 मध्ये गुंठेवारी नियमित करण्याचा कायदा झाला. 2021 च्या दुरुस्तीने त्याची मुदत 31 डिसेंबर 2020 पर्यंत पुढे नेली. आमचा दीड गुंठा त्यातच पैसे भरून सुटला. 2025 मध्ये शहरी भागासाठी तुकडेबंदी ढिली करण्याची घोषणा विधिमंडळात झाली, तिचा आधार घेऊन एजंट आता 'सगळे मोकळे झाले' म्हणतात. लक्षात ठेवा, सवलत मागच्या व्यवहारांना आणि ठरावीक हद्दीत असते. आपला गट नंबर त्यात बसतो का ते तहसील कार्यालयात अर्ज देऊन विचारा आणि उत्तर लेखी घ्या. तोंडी 'होऊन जाईल' यावर आम्ही एकदा साठ हजार भरले आहेत.

मापात मार खाऊ नका. सातबाऱ्यावर आर असतात, एक आर म्हणजे 100 चौरस मीटर. गुंठा म्हणजे 1089 चौरस फूट. एजंट 'एक गुंठा' म्हणून 1000 फूट देतो आणि त्यातला रस्ताही तुमच्याच मापात धरतो. टेप स्वतः धरा.

सदनिका किंवा मंजूर लेआउटमधला प्लॉट घेणार असाल तर महारेराचा नंबर मागा. 500 चौरस मीटरपेक्षा मोठी जागा किंवा 8 पेक्षा जास्त सदनिका असतील तर नोंदणी लागते, प्लॉटच्या लेआउटलाही लागते. संकेतस्थळावर मंजूर नकाशा, बोजा, चालू दावे दिसतात. कॉलेजात जाणाऱ्या पोरीला सांगा, दहा मिनिटांत काढून देईल. नोंदणीकृत करारनामा होण्याआधी बिल्डरला किमतीच्या 10 टक्क्यांहून जास्त घेता येत नाही. ताब्यानंतर 5 वर्षांत बांधकामात दोष निघाला तर दुरुस्ती त्याने फुकट करायची आहे. भाव चटई क्षेत्रावर बोला. 'सुपर बिल्टअप' म्हणजे पोत्यासकट वजन.

घर कोणाच्या नावावर घ्यायचे? बाईच्या. 2021 पासून घर फक्त बाईच्या नावावर घेतले तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. पण सवलतीसाठी नका घेऊ. दारूत आणि जामीनकीत गेलेली घरे आम्ही मोजली आहेत, त्यात बाईच्या सहीने गेलेले एकही नव्हते.

आता आमच्या खऱ्या धंद्याकडे, म्हणजे मातीकडे येतो. इथे तर आम्हाला तोंड दाखवायला जागा नाही. कागद मिटल्यावर आम्ही त्या प्लॉटवर घर बांधले. भारी काळी जमीन. मिस्त्री म्हणाला, 'साहेब, तीन फूट पाया लय झाला.' आम्ही मान डोलावली. ज्या मातीत मे महिन्यात हातभर भेग पडते आणि जुलैत ती फुगून बंद होते, त्याच मातीवर भिंत ठेवली. तिसऱ्या पावसाळ्यात दाराची चौकट वाकली, खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी तडा गेली. जमीन श्वास घेते, असे आम्ही शिबिरात कौतुकाने सांगत होतो. आमचे घर त्या श्वासाबरोबर वरखाली होत होते.

प्लॉट घेण्याआधी कोपऱ्यात खड्डा खणून बघा. ओली माती हातात वळून वेटोळे करा. न तुटता वेटोळे झाले तर चिकणमाती भरपूर आहे, घराला धोका आहे. मुरूम किती फुटांवर लागतो ते मोजा. पाच-सहा फुटांत लागला तर पाया थेट मुरुमावर न्या. फार खोल असेल तर बुडाशी फुगवटा असलेले पाइल घालतात, इंजिनिअर त्याला अंडर-रीम्ड पाइल म्हणतात. रूरकीच्या संस्थेने अशाच मातीसाठी ते विकसित केले. साधारण साडेतीन मीटर खोल जातात, कारण तिथली माती ऋतूप्रमाणे हलत नाही. वर बीम बांधतात, तो मातीला टेकू देत नाहीत. खर्च वाढतो. तडा बुजवण्यात आमचा त्याहून जास्त गेला. जोत्यात निघालेली काळी माती परत भरू नका, मुरूम भरा आणि थरावर थर धुमसा. घराभोवती तीन-चार फुटांचा फरशीचा पट्टा बाहेरच्या उताराने करा. मोरीचे पाणी, टाकीचे झिरपणे पायाशी मुरू देऊ नका. निलगिरी, पिंपळ भिंतीजवळ नको, ते उन्हाळ्यात पायाखालचे पाणी ओढतात.

काँक्रीटला पाणी हे पिकासारखेच आहे. साध्या सिमेंटला निदान 7 दिवस, राख मिसळलेल्याला 10 दिवस ओले ठेवायचे. बोअरचे खारट पाणी मिसळू नका, आतली सळई गंजते.

ज्यांची जुनी माळवदे आहेत त्यांच्यासाठी एवढेच. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीला माणसे मारली ती दगड-मातीच्या जाड भिंतींनी आणि वरच्या मातीच्या ओझ्याने. गळते म्हणून दरवर्षी आपण पांढरी माती टाकतो आणि थर फूट-दीड फूट होतो. आधी जुना थर उतरवा, मग नवा टाका. भिंत उभारताना आरपार जाणारे दगड घाला.

ज्यांनी कागद आणले आहेत त्यांनी मागच्या खोलीत बसावे. वकील कार्यकर्ते आहेत, पाच वाजेपर्यंत थांबतील. मूळ कागद कोणाच्या हातात देऊ नका, आमच्याही नाही. झेरॉक्सवर बघू. आणि चहाच्या टपरीवर भेटलेल्या त्या चौघांपैकी ज्यांनी उद्या इसार द्यायचा ठरवला होता, त्यांनी आधी या.