सेफ्टी ऑफिसर व्हायचंय?

‘सेफ्टी ऑफिसर’ म्हटलं की अनेकांना गेटवरचा सुरक्षारक्षक आठवतो. तो मालाची राखण करतो. सुरक्षा अधिकारी मात्र कामगारांच्या जिवाची काळजी वाहतो.

तासगावकरांना हे लगेच कळेल. बेदाणा साठवायच्या अनेक कोल्ड स्टोरेजमध्ये थंडाव्यासाठी अमोनिया वापरतात. तो गळला तर डोळे, फुप्फुसं होरपळतात. पाइप कधी तपासायचा, मास्क कुठे ठेवायचे, वारा पाहून माणसं कोणत्या बाजूनं बाहेर काढायची, हे आधी ठरवून त्याचा सराव करून घ्यावा लागतो. हेच सुरक्षा अधिकाऱ्याचं काम.

१९४८ च्या कारखाने कायद्यात साधारणपणे १००० कामगारांच्या कारखान्याला हा अधिकारी सक्तीचा होता. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या संहितेनं ही मर्यादा ५०० वर आणली. धोकादायक प्रक्रिया असेल तर २५० वर. साहजिकच या कामाला माणसं अधिक लागतील.

मग शिकायचं काय? राज्याच्या १९८२ च्या नियमांनी घालून दिलेली वाट अशी: इंजिनिअरिंगची पदवी आणि कारखान्यात पर्यवेक्षक म्हणून २ वर्षांचा अनुभव, किंवा इंजिनिअरिंगचा डिप्लोमा अथवा भौतिक-रसायनशास्त्राची पदवी आणि ५ वर्षांचा अनुभव. त्यावर औद्योगिक सुरक्षेची शासनमान्य पदविका. मुंबईत शीव येथील केंद्रीय श्रम संस्थेत असा एक वर्षाचा अभ्यासक्रम चालतो.

इथंच पालकांना सावध करायचं आहे. ‘बारावीनंतर तीन महिन्यांत सेफ्टी ऑफिसर’ अशा जाहिराती दिसतात. द्राक्षाचे आलेले पैसे त्यात भरण्यापूर्वी एवढंच विचारा: या पदविकेला औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाची मान्यता आहे का? तोंडी उत्तरावर भागवू नका, लेखी आदेश मागा. छोट्या कोर्सनं ज्ञान मिळेल, मदतनीसाची नोकरीही मिळेल. पण त्या खुर्चीवर कायद्यानं बसता येणार नाही.

नियमांत आणखी एक अट आहे. बहुसंख्य कामगारांची भाषा त्याला यायला हवी. ती योग्यच आहे. इंग्रजी पाटी कितीही मोठी लावली, तरी ‘दादा, पट्टा बांधल्याशिवाय वर चढू नका’ हे समोर उभं राहून सांगावंच लागतं. आपल्या भागातल्या मुलांकडे ही भाषा आहेच. शिक्षण आणि अनुभव तेवढा रीतसर मिळवावा.