ट्रॅक्टर मिस मारतोय? आधी एवढं पाहा

पेरणी तोंडावर आली आणि ट्रॅक्टर अडखळू लागला, ओढ कमी झाली, तर मिस्त्रीला बोलावण्याआधी थोडी तपासणी घरीच करा.

प्रथम इंजिन बंद करून डिझेल फिल्टरच्या तळाशी साचलेलं पाणी सोडा. टाकी पार रिकामी झाली असेल तर इंजिनने ‘एअर घेतली’ असेल. डिझेल भरा, फिल्टरवरचा हवेचा स्क्रू सैल करून हातपंप मारा. आधी फेस येईल. बुडबुडे थांबून सलग धार आली, की स्क्रू आवळा.

तरीही मिस मारतोय? मग कोणता सिलिंडर काम करत नाही ते शोधा. इंजिन मंद चालू ठेवा. नोझलकडच्या नळीच्या नटावर फडकं धरून तो पान्याने अर्धा आटा सैल करा, आवाज ऐका, पुन्हा आवळा. असं एकेक तपासा. इंजिन आणखी अडखळलं, तर तो सिलिंडर चांगला. काहीच फरक पडला नाही, तर दोष तिथंच. तेवढं नोझल मिस्त्रीकडून तपासून घ्या.

मात्र हे फक्त जुन्या, साध्या डिझेल पंपाच्या ट्रॅक्टरवर करा. नव्या कॉमन रेल इंजिनच्या नळीला हात लावू नका. डिझेलची जोरदार धार कातडीतून आत शिरते. जखम टाचणीएवढी दिसली तरी लगेच मोठा दवाखाना गाठा. उशीर केला तर बोट, हातही गमवावा लागतो. आणि हो, जवळ विडी पेटवू नका!