आजोबा झोपलेत, तरी कूस बदला

घरात कुणी अंथरुणाला खिळलेलं असेल, तर आजचा भाग तुमच्यासाठी आहे.

समजा, आजोबांना लकवा मारलाय आणि त्यांना दवाखान्यातून घरी आणलंय. रात्री शांत झोपलेत म्हटल्यावर त्यांना हलवणं आपल्या जिवावर येतं. पण आपण झोपेत नकळत कूस बदलतो, ते त्यांना जमत नाही. माकडहाड, खुबा, टाच, घोटा इथली कातडी हाड आणि गादीच्या मध्ये चेपून राहते. तिथं रक्त पोहोचत नाही आणि जखम होते. हाच बेडसोर. तो व्हायला काही तास पुरतात, भरायला कधी कधी महिने लागतात.

म्हणून साधारण दर 2 तासांनी कूस बदलायची. डावी कूस, पाठ, उजवी कूस. मोबाईलवर अलार्म लावा आणि वेळ कागदावर लिहा, म्हणजे रात्री जागणारं माणूस बदललं तरी गोंधळ होत नाही.

पूर्ण कुशीवर झोपवलं की सगळा भार खुब्यावर येतो. त्यापेक्षा पाठीमागे उशी लावून 30 अंशच कलतं ठेवा. एक उशी गुडघ्यांच्या मध्ये. पाठीवर असताना एक पोटऱ्यांखाली, टाचा अधांतरी राहतील अशी.

वर सरकवताना ओढू नका, कातडी सोलवटते. अंगाखाली दुहेरी चादर ठेवा, दोघांनी दोन्हीकडून धरून उचला. लकव्याचा हात तर कधीच ओढायचा नाही, खांदा निसटू शकतो.

भरवताना नीट बसतं करा आणि नंतर अर्धा तास तसंच ठेवा, नाहीतर ठसका लागून अन्न श्वासनलिकेत जाऊ शकतं. एरवी, डॉक्टरांनी वेगळं सांगितलं नसेल, तर डोक्याकडची बाजू 30 अंशांहून वर नको. माणूस खाली घसरत राहतो.

रोज कातडी बघा. लाल डाग बोटाने दाबून पाहा. तो फिका न पडता लालच राहिला, तर चोळू नका. त्या जागेवर भार देऊ नका आणि नर्सला किंवा डॉक्टरांना दाखवा. सावळ्या कातडीवर लाली पटकन दिसत नाही, तेव्हा जागा गरम किंवा टणक लागते का ते बघा. आणि हो, हवेची गादी आणली तरी कूस बदलणं चुकत नाही.

शेवटचं. हात लावण्याआधी सांगा, “आजोबा, आता डावीकडे वळवतोय हं.” बोलता येत नसलं तरी त्यांना बऱ्याचदा सगळं कळत असतं. आपल्याला गाठोड्यासारखं उचललं, असं कुणालाच वाटू नये.

भेटू पुढच्या भागात.