मासे जगवायचे, पण कुणाच्या खर्चाने?



कापूस-ज्वारीवाल्यांच्या बैठकीत अमेरिकेतल्या माशांचे काय काम, असे काहींच्या मनात येईल. आमच्या नाल्यात होळीनंतर चिखल राहत नाही, मासे कुठले! पण नदी जगवायची तर पाणी नाहीतर काठची जमीन कुणाची तरी घ्यावी लागते. ती कशी घेतात, तेवढे आज पाहू.

ओरेगॉन आणि कॅलिफोर्निया या राज्यांतून क्लॅमथ नदी वाहते. तिथे सरकारनेच कालवे काढले, महायुद्धांतून परतलेल्या सैनिकांना जमिनी देऊन वसवले. बटाटा, जव, लसूणघास ही पिके. २००१ साली दुष्काळ पडला. सरोवरातला सकर आणि नदीतला कोहो सॅल्मन हे मासे कायद्याने संरक्षित. एप्रिलमध्ये, ऐन हंगामाच्या तोंडावर, सरकारने सांगून टाकले, बहुतेक शेतांना यंदा पाणी नाही. सुमारे १४०० शेतकऱ्यांच्या पोटावर पाय आला. मे महिन्यात हजारो माणसे रांगेत उभी राहिली आणि हातोहात बादल्या देत तळ्याचे पाणी त्यांनी कालव्यात ओतले. पुढच्या वर्षी सरकारने शेतांना पाणी सोडले. सप्टेंबर २००२ मध्ये खालची नदी उथळ आणि कोमट झाली, रोग पसरला, तीस हजारांहून अधिक मासे मरून पडले. एका वर्षी शेतकरी मारला, दुसऱ्या वर्षी मासा. याला म्हणे समतोल!

आणि मासा म्हणजे तिथे शहरी बाबूंची हौस नव्हे. यूरोक, क्लॅमथ हे आदिवासी पिढ्यान्‌पिढ्या या माशांवर जगत आले. शेतकऱ्यांनी भरपाईचा दावा लावला, तेव्हा २०१९ साली अपील न्यायालयाने सांगितले, आदिवासींचा पाण्यावरचा हक्क तुमच्याहून जुना. भरपाई मिळणार नाही. हा निकाल आम्हाला चूक म्हणता येत नाही. हक्क मानायचे तर आपल्या विरुद्ध जाणारेही मानावे लागतात. पण ज्या सरकारने एकच पाणी दोघांना कबूल केले, त्याचा हिशेब कोण घेणार?

त्याच ओरेगॉनात दुसरी वाटही निघाली. सलग पाच वर्षे पाणी वापरले नाही तर हक्क जातो, असा तिथला कायदा. मग नदीत पाणी सोडायचा वेडेपणा कोण करील? १९८७ साली कायदा बदलला. नदीत राहू दिलेले पाणीही वापरलेलेच धरायचे, आणि शेतकऱ्याला ते त्यासाठी विकता येईल, भाड्याने देता येईल. १९९३ साली ओरेगॉन वॉटर ट्रस्ट ही संस्था निघाली. डेशूट्स नदीला मिळणाऱ्या बक हॉलो ओढ्यावर एक पशुपालक चारा पिकवत असे. संस्थेने त्याला चाऱ्याचे मोल दिले, त्याने हंगामभर पाणी ओढ्यात राहू दिले. स्टीलहेड माशांना पाणी, जनावरांना चारा. ना मोर्चा, ना कोर्ट.

सोडलेले पाणी खालच्याने उपसले तर? म्हणून हक्काची जुनी तारीख कायम राहते. खालचा नंतरच्या तारखेचा असेल तर त्याला ते उचलता येत नाही. करार संपला की पाणी परत शेताकडे.

एक गोष्ट मात्र आम्हाला खटकते. शेत पडीक राहिले की मजुराचे काम जाते. त्याच्या नावावर पाण्याचा हक्क नाही, म्हणून भाड्यातला पैसाही नाही. त्याचे काय करायचे, यावर आता तुम्ही बोला.